न वाजलेल्या घंटा

१

मॉराच्या घरी त्या रविवारी पोलीस वेळेवर आले होते, हीच त्या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट. उशिरा आले असते तर आम्ही सगळे बर्फाला, रस्त्याला, नशिबाला बोल लावून मोकळे झालो असतो. भरदुपारी शेजारणीने फोन केला, गाडी आली, पोलीस उतरला आणि थोड्या वेळाने निघून गेला. संध्याकाळी मॉरा डोर्सी स्वयंपाकघरात मेलेली सापडली. तिचा नवरा टॉड ब्रिंकमन गाडी घेऊन पळाला होता, त्याला नदीवरच्या पुलावर धरलं आणि त्याने गुन्हा कबूलही केला. खून कोणी केला हा प्रश्न आमच्या ऑल्डन फेरी गावात कोणालाच पडला नव्हता.

प्रश्न दुसराच होता, आणि तो घेऊन मॉराचे वडील माझ्याकडे आले.

मी बर्निस टोलिव्हर. पूर्वी याच गावात पोलिसात होते, आता पोलिसांची चौकशी करते. म्हणजे पूर्वी एका बाजूने शिव्या खायचे, आता दोन्ही बाजूंनी खाते. नगरपालिकेने वाचनालयाच्या वर मला एक खोली दिली आहे आणि खिडकीतून अर्धं गाव दिसतं. एमेट डोर्सींना गाडी लावताना मी वरूनच पाहिलं. गाडी आधी पुढे गेली तेव्हा मागच्या काचेवरची पोलीस युनियनची छोटी पितळी ढाल दिसली, गोल, आणि खाली निवृत्तांची आडवी पट्टी. मग त्यांनी गाडी मागे घेतली आणि नाक रस्त्याकडे करून लावली. जुना पोलीस कुठेही गाडी अशीच लावतो. निघायची वेळ आली की वळवत बसायला नको.

नवखी असताना मी याच माणसाशेजारी बसून गस्त शिकले होते. जिना चढून आले तेव्हा ते मला एकदम म्हातारे वाटले.

"बर्नी, तो पोरगा दारातून परत का गेला?"

"जबाबात लिहिलंय त्याने. दार वाजवलं, कोणी उघडलं नाही, आतून आवाज नाही. म्हणून परतला."

"असले जबाब मी जन्मभर लिहिलेत. मला वास येतो." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "नगरपालिकेचा वकील काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणे, कोणाला वाचवलंच पाहिजे अशी कायद्याने पोलिसावर सक्ती नाही. कोर्टांनीच सांगितलंय म्हणे. मग मी इतकी वर्षं काय करत होतो? हवा खात होतो?"

वकील खोटं बोलत नव्हता.

"शुक्रवारी सुनावणी," ते म्हणाले. "तो पोरगा, निक पावलाक, राजीनामा देणार, नगरपालिका तो घेणार आणि कागद मोहोर मारून बंद. त्यानंतर कोणावर तोंड उघडायची सक्ती नाही. मला शुक्रवारच्या आत कळायला हवं."

"आणि युनियन? गस फेराँटे काय म्हणतो?"

"गसनेच सांगितलं त्याला राजीनामा दे म्हणून."

मी लिहिता लिहिता थांबले. गस फेराँटे आमच्या पोलीस युनियनचा अध्यक्ष. एकाने दारू पिऊन सरकारी गाडी पोहण्याच्या तलावात घातली होती, त्यालाही गसने परत कामावर आणलं होतं. तलावाला दिवे नव्हते, असं भांडला होता तो, आणि जिंकलाही होता. गस हरतो, पण न भांडता कोणाला सोडत नाही.

"आता कळलं मी का आलो?" एमेट म्हणाले. "मॉराला पोलिसातलं काही नको असायचं, बर्नी. माझ्या टोपीला हात लावायची नाही. टॉडशी लग्न करू नकोस म्हणालो, तर माझ्या घरी यायची पण मला तिच्या घरी बोलवायची नाही. आता कोणत्या तोंडाने जाऊ तिच्या थडग्यावर? निदान का ते तरी कळू दे. जे निघेल ते मला सांगायचं. नाव कोणाचंही असो."

"सांगेन."

"कोणाचंही."

"सांगेन म्हटलं ना, एमेट."

हे वचन देताना मला जरासुद्धा जड गेलं नाही. नाव गसचं निघणार, याची मला तेव्हाच खात्री झाली होती.

२

फोन करणारी शेजारीण ओडेट बुशार. बाई सत्तरीची, कानाने तिखट आणि जिभेनेही.

"या, या. आठवडा झाला, आता आली तुमची स्वारी. त्या दुसऱ्या पोलिसांनी मला एकच विचारलं, चष्म्याचा नंबर काय म्हणून!"

कॉफी पुढे करत तिने मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं. तिथून मॉराचं दार, ओटा आणि गाडी लावायची जागा, सगळं हाताच्या अंतरावर दिसत होतं. दारावर नाताळचं तोरण अजून तसंच होतं, हिरवं सुकून तपकिरी झालेलं, आणि त्यात ओवलेल्या पितळी घंटा.

"काढ गं बाई ते, फेब्रुवारी उजाडला, म्हटलं तिला. तर म्हणाली, राहू दे ओडेट, कोणी आलेलं कळतं." बाईने डोळे पुसले. "पोस्टमनचा हात लागला तरी इथे चुलीशी ऐकू येतं."

"आणि त्या दिवशी?"

"तिचं ओरडणं ऐकू आलं. टॉडचं ओरडणं रोजचंच होतं, पण हे तिचं. म्हणून फोन केला. पोलीस आला तेव्हा मी म्हटलं, सुटली बिचारी. तो आला तो थेट दाराकडे निघाला, हात पट्ट्यावर, बरोबर पोलिसासारखा. आणि गाडीपाशी थांबला."

"कुठल्या गाडीपाशी?"

"ती करडी. टॉड घेऊन पळाला ती. तिच्या मागे उभा राहिला, वाकला, काचेत काहीतरी बघितलं. मग गेला आपल्या गाडीत आणि खिशातला फोन काढून बोलत बसला."

"गाडीतल्या वायरलेसवर?"

"खिशातला म्हटलं ना मी! वायरलेस मला कळत नाही का? थोडं बोलला, थोडं बसला, आणि गेला."

"दार वाजवलं नाही?"

"दारापर्यंत गेलाच नाही, बाई. घंटा वाजल्याच नाहीत." मग ती उगाचच म्हणाली, "गाडीसुद्धा त्या दिवशी उलटी लावलेली. मॉरा नेहमी मागे घेऊन लावायची, नाक रस्त्याकडे. त्या दिवशी टॉडने आणून लावली, तोंड घराकडे करून. त्या माणसाला एक गोष्ट धड जमत नव्हती."

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं चित्त काचेवर होतं. मदतीला आलेल्या पोलिसाला परत पाठवील असं काय असतं एका गाडीच्या काचेत?

३

निक पावलाक आईच्या बेकरीत पीठ मळत होता. नोकरी जायच्या आधीच पोरगा तिथे जाऊन लपला होता. आईने मला बघून खसखशीची गुंडाळी कापून पुढे ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. पोलिश आया पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, शत्रूलाही नाही.

"मी दार वाजवलं, मिस टोलिव्हर," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सगळं जबाबात आहे."

"वाचलाय मी. चांगला लिहिलाय. दार जोरात वाजवलंस?"

"हो. मुठीने. तीनचारदा."

"मग त्या आवाजाने कानठळ्या बसल्या असतील."

"कसल्या आवाजाने?"

मी गुंडाळीचा तुकडा तोंडात टाकला. तो पिठातले हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिला.

"निक, त्या दारावर बोट टेकलं तरी शेजारणीला कळतं. सबंध दारभर पितळी घंटा आहेत. तू मुठीने वाजवलंस आणि तुला त्या दिसल्यासुद्धा नाहीत?"

त्याच्या आईने हाताची घडी सोडली. "निकोलाय," ती एवढंच म्हणाली. पोरगा पिठाच्या पोत्यावर बसला आणि रडायला लागला.

"गाडीवर ढाल होती," तो म्हणाला.

इथे एक सांगायला हवं. आमची युनियन प्रत्येक सभासदाला घरच्यांसाठी छोट्या पितळी ढाली देते, मागच्या काचेवर बाहेरून चिकटवायला. प्रत्येकीवर सभासदाचा क्रमांक असतो. कामावर असलेल्याची ढाल नुसती गोल, निवृत्ताच्या ढालीला खाली पट्टी. ढाल दिसली की वेगाची पावती फाटत नाही, सिग्नल तोडला तर नुसतं हात हलवून जाऊ देतात. हे लोकांना ठाऊक आहे. लोकांना ठाऊक नाही ते पुढचं, आणि ते कुठे लिहिलेलंही नाही. ते जुना पोलीस नव्या पोलिसाला गाडीत बसून सांगतो. मला एमेटनी सांगितलं होतं: भांडणाच्या घरी ढाल दिसली तर दार वाजवायचं नाही. गणवेशातला माणूस दारात गेला की नोंद होते, नोंद झाली की आपल्या माणसाची बंदूक काढून घेतात, बंदूक गेली की नोकरी. युनियनला फोन कर. ते बघतील. घरचं भांडण घरात.

मी एकदा ऐकलं नव्हतं आणि दार वाजवलं होतं. त्यानंतर वर्षभर जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कोणी बसत नव्हतं.

"मग गसला फोन केलास," मी म्हटलं.

"क्रमांक वाचून दाखवला. तो म्हणाला, आपल्यातलंच घर आहे, मी फोन करून बघतो, तू नीघ. मी तरी थोडा वेळ बसलो. आतून आवाज थांबला होता. मला वाटलं, गसच्या फोनने मिटलं." त्याने मनगटाने नाक पुसलं. "मिटलंच होतं."

"आणि छातीवरचा कॅमेरा?"

"आपल्या माणसाच्या घरी बंद करायचा असतो."

"क्रमांक कोणाचा होता, निक?"

तो बोटांवरचं पीठ चोळून काढत राहिला.

"तेव्हा नसेल कळलं. आता कळलंय ना?"

"कळलंय." तो उभा राहिला, पुन्हा पिठात हात घातले. "ते नाही सांगणार मी. नोकरी गेली तर गेली. मला तुरुंगात घाला. तेवढं नाही सांगणार."

मला राग आला. वाटलं, हाकलून दिलं तरी कुत्रं मालकाचाच पाय चाटतंय. आज आठवलं की त्या विचाराची लाज वाटते. त्या दुकानात त्या दिवशी सगळ्यात भला माणूस तोच होता.

४

टॉडची ती करडी गाडी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात जप्त करून ठेवली होती. तिथली सगळी मुखत्यारी सार्जंट लेनोरा हेगची.

"टोलिव्हर! मेलेल्या गाड्यांचीही चौकशी सुरू केलीस का आता?"

"जिवंत माणसं बोलत नाहीत, काय करू?"

"मी तर तुला बघूनच गप्प होते." तिने किल्ल्या फेकल्या. "बघ काय बघायचं ते."

मी मागे जाऊन वाकले. ढाल नव्हती.

जागा मात्र होती. काचेला आतून काळी फिल्म लावलेली, स्वस्तातली, उन्हाने विटून जांभळट झालेली. डाव्या कोपऱ्यात खाली तेवढा एक तुकडा अजून काळाकुळकुळीत राहिला होता. वर गोल, खाली आडवी रेघ. त्याच्यावर काचेच्या बाहेरून डिंकाचे ओरखडे, ताजे. कोणीतरी घाईने खरवडून काढलं होतं.

"लेनोरा, गाडी इथे आल्यावर हिला हात कोणी लावला?"

"कोणी नाही. म्हणजे गस येऊन गेला. मॉराच्या वस्तू एमेटना नेऊन देतो म्हणाला. हातमोजे, छत्री, असलंच काहीबाही. म्हातारा कुठे येणार इथे रडायला? मी म्हटलं, ने बाबा."

एमेटकडे हातमोजे पोचले नव्हते, छत्रीही नाही. पोचले असते तर ते माझ्या खोलीत घेऊन आले असते.

"टॉड आणि गसची ओळख होती का?"

"टॉडची? युनियनच्या हॉलमधला बार कोणी बांधला मग? दोन वर्षांपूर्वी कुठूनसा गावात उपटला तो, आणि पहिलं काम त्याला गसनेच दिलं. पैशाऐवजी काय दिलं देव जाणे." लेनोराने भुवई उडवली. "काय शोधतेयस तू?"

मी उत्तर न देता निघाले. सगळं कसं चपखल बसत होतं. टॉडला ढाल गसने दिली, ढाल बघून निकने गसला फोन केला, गसने आपल्या दोस्ताला पाठीशी घातलं आणि मग येऊन ढाल काढून नेली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं.

५

त्याच संध्याकाळी युनियनच्या हॉलमध्ये गस एकटाच टॉडने बांधलेल्या त्या बारमागे बसला होता. मी आणि तो एकाच वर्षी भरती झालो होतो.

"ये बर्नी. काय घेणार?"

"खरं."

"ते इथे मिळत नाही, बीअर मिळते." पण तो हसला नाही. मी सगळं सांगितलं: घंटा, ढाल, फोन, ओरखडे. शेवटी म्हटलं, "टॉडला ढाल तू दिलीस, गस."

तो पटकन म्हणाला, "हो. मीच दिली. लिही."

भुवईसुद्धा हलली नाही. तलावाला दिवे नव्हते म्हणून भांडणारा माणूस! मी त्याच्याकडे बघत बसले, आणि मघापासून चपखल बसलेलं सगळं एकेक करून सुटायला लागलं.

"गस, तुझी ढाल नुसती गोल. तू अजून कामावर आहेस. काचेवरच्या ठशाला खाली पट्टी आहे."

तो ग्लास पुसत राहिला.

"आणि टॉड गावात येऊन दोन वर्षं झाली. त्या काचेवरची फिल्म जांभळी पडलीय, ढालीखाली काळी राहिलीय. दोन उन्हाळ्यांत एवढा फरक पडत नाही. ढाल टॉडच्या आधीपासून तिथे होती. म्हणजे गाडीही टॉडच्या आधीची. आम्ही सगळे तिला टॉडची गाडी म्हणतोय, कारण तो तिच्यातून पळाला." मला ओडेट बुशारचं बोलणं आठवलं. "मॉरा गाडी मागे घेऊन लावायची. नाक रस्त्याकडे. अशी गाडी कोण लावतं, गस? तिला गाडी चालवायला कोणी शिकवलं?"

"बर्नी, पुरे."

"ती ढाल एमेटची होती."

त्याने फडकं खाली ठेवलं. गल्ल्याच्या खणातून ती काढून माझ्यापुढे ठेवली. पितळ काळवंडलेलं, पट्टीवर जुन्या डिंकाचे पापुद्रे. क्रमांक मला पाठ होता. कित्येक महिने मी त्या क्रमांकाच्या माणसाशेजारी बसून गस्त घातली होती.

"निकने क्रमांक वाचला तेव्हाच कळलं मला," गस म्हणाला. "म्हटलं, एमेटची पोरगी. मी घरी फोन केला. टॉडने उचलला. म्हणाला, भांडं पडलं, आवाज झाला, सॉरी, सासऱ्याला सांगू नका. हसला सुद्धा. मी म्हटलं, सांभाळून राहा रे. आणि ठेवला."

"मग?"

"मग काय? मॅच चालू होती." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "तेव्हा ती जिवंत होती का, रोज विचारतो मी स्वतःला."

"म्हणून निकला राजीनामा द्यायला लावलास. तो भांडला असता तर सुनावणीत फोन निघाला असता."

"ढाल निघाली असती! म्हाताऱ्याला कळलं असतं!" तो ओरडला. "त्याच्याच ढालीने त्याची पोरगी... तू सांगशील त्याला हे? तुझ्याने होईल? माझं नाव घाल. लिही, गसने टॉडला ढाल दिली. मला शिव्या घालू दे त्याला. माझी पाठ जाड आहे."

क्षणभर मी लिहायला तयार झाले होते, हे कबूल करते. त्याचं दुःख खरं होतं. पण ढाल देणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, आणि गस तेवढंच कबूल करायला निघाला होता. फोन ठेवून मग मॅच बघत बसणं, ते त्याच्या कबुलीत कुठेच नव्हतं. एमेटला वाचवता वाचवता तो अलगद स्वतःही वाचत होता, आणि कोणतं किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"मी त्यांना वचन दिलंय, गस."

"मोड."

मी ढाल उचलून खिशात टाकली.

६

गुरुवारी मी गेले तेव्हा एमेट स्वयंपाकघरात टोमॅटोचं सूप गरम करत होते. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. त्यांनी न विचारता दुसरा वाडगा काढला, ब्रेडवर चीज ठेवून तव्यावर टाकलं.

"तोंडावरून दिसतंय, निघालं काहीतरी. आधी खा."

"आधी सांगते."

मी सांगितलं. निकपासून सुरुवात केली, मग गसचा फोन, मग टॉडचं उत्तर. गसच्या नावावर त्यांची मूठ वळली. मग मी ढाल काढून टेबलावर ठेवली. दुसरा कुठला मार्ग मला सुचला नाही.

त्यांनी चष्मा लावला. क्रमांक वाचला. ब्रेड करपायला लागला, मीच उठून चूल बंद केली.

"ही तिने फेकून दिली होती," ते म्हणाले.

"नाही, एमेट."

"अगं, तिनेच सांगितलं मला. मी निवृत्त झालो, तिने गाडी घेतली, त्याच आठवड्यात दिली होती मी. म्हणाली, बाबा, ही पत्र्याची लाच आहे, मला नको. दुसऱ्या दिवशी म्हणाली, फेकून दिली. आम्ही महिनाभर बोललो नाही." त्यांनी ढाल उलटून मागचा डिंक बघितला. "लावली होती तिने?"

"त्याच आठवड्यात लावली असणार. कोपऱ्यात, खाली. गाडी नेहमी मागे घेऊन लावायची, म्हणून तुम्हाला दिसली नाही."

"मीच शिकवलं तिला ते."

"माहीत आहे."

"जाताना मी हात हलवायचो. काच कोण बघतंय?" ते ढालीवरून अंगठा फिरवत राहिले. एका वेळी माणसाच्या तोंडावर एवढं प्रेम आणि एवढी भीती मी कधी पाहिली नव्हती, पुन्हा बघायचीही नाही. "म्हटलं होतं, मी नसेन तेव्हा आपली माणसं तिच्यावर लक्ष ठेवतील."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दार वाजवायचं नाही, हे तुला कोणी सांगितलं होतं गं, बर्नी?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न ते विचारणार नाहीत.

"तुम्ही."

त्यांनी मान हलवली. बरोबर उत्तर आलं की हलवायचे, तशीच.

७

शुक्रवारी सुनावणीला हॉल खच्चून भरला होता. युनियनची माणसं मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. मृताच्या बापाला बोलायचा हक्क होता. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा निकला सोलणार. मलाही ठाऊक नव्हतं ते काय बोलणार.

एमेट उभे राहिले, ढाल समोरच्या टेबलावर ठेवली.

"ही माझी," ते म्हणाले. "ही बघून या पोराने दार वाजवलं नाही. त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. त्याला शिकवणाऱ्याला ज्याने शिकवलं, त्याला मी शिकवलं होतं. त्याला काढायचं तर काढा, पण तो चुकला म्हणून मोहोर मारून विषय संपवू नका. तो चुकला नाही. आम्ही इतकी वर्षं याच्यासाठीच घासत होतो, की आपल्या माणसाच्या दारात पोलीस जाऊ नये. बघा, गेला नाही." मग ते भिंतीकडे वळले. "गस, तू फोन केल्याचं तूच सांग. मला सांगायला लावू नकोस."

गस उठला. बराच वेळ लागला त्याला, पण सांगितलं. मॅचसकट सांगितलं.

मोठं काही घडलं असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आमचं गाव ओळखत नाही. निकचा राजीनामा घेतलाच. मोहोर तेवढी बसली नाही, माझा अहवाल वाचनालयात कोणीही मागून वाचू शकतं. आजवर चौघांनी मागितला. गसला ताकीद मिळाली. वसंतात युनियनची निवडणूक झाली, हात वर करून, आणि गस पुन्हा अध्यक्ष झाला. हॉलमधून बाहेर येताना तो मला म्हणाला, "मी नको म्हणत होतो, बर्नी." मी विश्वास ठेवला. ढाली अजून वाटतात. दोघातिघांनी परत केल्या, त्यात एक लेनोरा हेगची होती.

एमेटनी आपल्या गाडीवरची ढाल रंगाऱ्याच्या पात्याने खरवडून काढली. मी शिडी धरायला गेले होते, शिडीची गरज नव्हती. काचेवर गोल डाग राहिला, आणि खाली पट्टी.

जूनमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज असा की मी उभीच राहिले.

"बर्नी, मला पावती फाडली."

"कोणी?"

"नवीन पोरगी आहे कोणीतरी. चर्चजवळच्या 'थांबा' पाटीशी मी गाडी नीट थांबवली नाही, सरकतच गेलो. म्हणाली, परवाना दाखवा. मी म्हटलं, मी एमेट डोर्सी. म्हणाली, असाल, परवाना दाखवा." ते हसत होते की काय, मला कळेना. "फ्रिजवर लावलीय. मॉराच्या चुंबकाखाली."

"चांगलं केलंत."

"तसं नाही गं. ऐक ना. मी काच वर केली होती, रेडिओ चालू होता. ती चालत आली, काचेवरचा डाग बघितला असणार तिने, सगळेच बघतात. आणि तरी आली." मग पुढचं त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"तिने ठोठावलं, बर्नी. माझ्या काचेवर. दोनदा ठोठावलं."